कालवा आला, शेतचारीचे काय?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेची भूमी हादरली आणि हजारो संसार उघड्यावर पडले. तेव्हापासून हा परिसर जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांची प्रयोगशाळाच झाला आहे. कराडजवळ हजारमाची येथे केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा उभी राहिली. २०१७ साली गोठणे येथे ३ किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाली. महाबळेश्वरी २०१२ पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ ढगांचा वेध घेत आहेत. अशा उपकरणांतून माहितीचा अखंड ओघ वाहत असतो. मात्र साताऱ्याच्या मातीत जन्मलेल्या या माहितीवर साताऱ्या-सांगलीच्या विद्यार्थ्याला आपल्याच महाविद्यालयात बसून काम करता येते काय?

प्रश्न केवळ बुद्धीचा नाही, वाटेचाही आहे. एक टेराबाइट माहिती आणावयाची, तर सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवर, ती पूर्ण मोकळी मिळाली तरी, सुमारे २२ तास लागतात. १० गिगाबिटच्या जोडणीवर तेच काम पाव तासात आटोपते.

राजमार्ग नाही, असे नव्हे. मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जालास मंजुरी मिळाली. २०१५ साली महासंगणक अभियान आले. १९९१ मध्ये 'परम' घडविणारे पुणे तर हाकेच्या अंतरावर आहे. अडचण आहे ती प्रवेशद्वाराच्या आत. ताकारी-म्हैसाळचे पाणी कालव्यात खळाळत असले, तरी शेतचारी नसेल तर शिवार कोरडेच राहते, हे सांगलीच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. आवारातील तारा जुन्या, परीक्षेचे अर्ज, कार्यालयाचा पत्रव्यवहार आणि संशोधनाची माहिती एकाच वाटेवर, त्यात प्रत्येक तुकड्याची झडती घेणारी फायरवॉल; अशा ठिकाणी राजमार्गाचा वेग दारातच विरतो. दूरच्या प्रवासात थोडे तुकडे गळाले तरी गती कोसळते.

यावर जगातील विद्यापीठांनी काढलेला उपाय साधा आहे. संशोधनाच्या माहितीसाठी आवारात स्वतंत्र, सुरक्षित वाट ठेवावयाची, आणि तिची निगा राखणारा जाणकार माणूस नेमावयाचा. यंत्रे घेऊन माणूस न नेमणे म्हणजे मोटार घेऊन चालक न ठेवणे होय.

प्राध्यापकांची पदे रिक्त असताना तारांवर खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या प्राध्यापकास संशोधनाचे साधन नाही, तो नेमला तरी टिकेल कसा?

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, ते या भागातील मुलांना उच्च शिक्षणासाठी दूर जावे लागू नये म्हणून. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभारली, तीही ज्ञान गरिबाच्या दारी नेण्यासाठी. आज ते दार प्रकाशतंतूंचे आहे. ते उघडले नाही, तर कोयनेचा भूकंप कोयनेचे लोक सोसतील आणि त्याचे शास्त्र मात्र इतरत्र लिहिले जाईल. संस्थाचालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि शासनाने मिळून ही शेवटची चारी खणावयास हवी.