मत्स्यालय मुलांच्या हाती असावे

विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त नव्या विज्ञान-दालनाची आखणी चालू असताना तेथील मत्स्यालयाची देखभाल एखाद्या व्यावसायिकाकडे सोपवावी, अशी सूचना पुढे आली आहे. महिन्यातून दोनदा माणूस येईल, काच लख्ख पुसेल, पाणी बदलेल, मेलेले मासे उचलून त्यांच्या जागी नवे सोडील. निळ्या खड्यांवर उभ्या केलेल्या प्लास्टिकच्या झाडांमधून फिरणारे रंगीत मासे पाहून पाहुणे प्रसन्न होतील. सूचना सद्भावनेने केलेली आहे, यात शंका नाही. तरीही तिला माझा विरोध आहे, आणि सभेत मिळालेल्या दोन मिनिटांत तो नीट मांडता आला नाही, म्हणून या स्मरणिकेचा आश्रय घेतो.

आपली टाकी ३ फूट लांब आणि सुमारे दीडशे लिटर पाण्याची. गेली नऊ वर्षे ती इयत्ता नववीच्या मुलांकडे आहे. पहिल्या वर्षी काय झाले, ते सांगणे मला भाग आहे, कारण चूक माझीच होती. दिवाळीच्या सुटीनंतर निरीक्षक येणार होते. मी मुलांना ‘टाकी स्वच्छ करा’ एवढेच सांगितले. मुलांनी आज्ञा शब्दशः पाळली. सारे पाणी उपसले, वाळू नळाखाली धुतली, गाळणीचा स्पंज साबण न लावता का होईना पण पांढरा होईपर्यंत पिळला, आणि टाकी ताज्या पाण्याने भरली. नेमकी त्याच सकाळी वरच्या टाकीत टीसीएल पावडर टाकलेली होती. टाकी आरशासारखी चमकत होती. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले आणि पाचव्या दिवशी चौदांपैकी तीन उरले. एका मुलाने विचारले, ‘सर, आपण तर स्वच्छता केली ना?’ त्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मला धड देता आले नाही.

उत्तर असे आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेले खाद्य कुजल्याने पाण्यात अमोनिया उतरतो. तो माशांना विषारी आहे, आणि पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण, तितका अधिक विषारी. वाळूच्या कणांवर व स्पंजच्या छिद्रांत राहणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे पुष्कळ सौम्य असते आणि वनस्पती त्याचा आहार म्हणून उपयोग करतात. आपण ज्याला मळ समजून धुऊन टाकले, तो बराचसा हा जिवंत थर होता. नव्या टाकीत तो जमण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणूनच टाकी भरल्या दिवशी मासे सोडणे हा उतावळेपणा ठरतो. आधी झाडे लावावीत, महिनाभर थांबावे, मग तीन-चार मासे सोडावेत, आणि पुढचे पंधरा दिवसांनी. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा मिळाला, तर हा काळ कमी होतो.

वनस्पती, प्राणी आणि पाणी यांच्या या मेळाचा शोध काही आजचा नाही. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका काचपात्रात त्यांनी दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचे रोप ठेवले. काही काळाने झाडाची जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टन यांनी पात्र घासून काढले नाही, त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, शिवाय त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. बिघाड दिसताच हात घालण्याऐवजी त्याचे कारण शोधणारी ही वृत्ती मला पाठ्यपुस्तकातील दहा व्याख्यांहून मोलाची वाटते. महिन्यातून दोनदा येणारा माणूस मुलांना ती देऊ शकणार नाही.

आता थोडे व्यवहाराचे. आमच्या टाकीच्या तळाशी शेणखत न मिसळलेल्या, चाळलेल्या बागेतील मातीचा सुमारे एक इंचाचा थर आहे आणि त्यावर तेवढाच बारीक खडीचा. निळे खडे आम्ही त्याच दिवाळीनंतर काढून टाकले. झाडांपैकी हायड्रिला मुलांच्या ओळखीचे, प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगातील उलट्या नरसाळ्याखाली बुडबुडे सोडणारे. ते झपाट्याने वाढते, त्यामुळे नव्या टाकीत त्याच्यासारखा मदतनीस नाही. व्हॅलिसनेरिया लावताना मुळे मातीत जावीत, परंतु जेथून पाने फुटतात तो गाभा वर उघडा राहावा. तो पुरला की रोप कुजते. जावा फर्न आणि अनुबियास यांचा आडवा खोडवा तर मुळीच पुरू नये, तो दगडाला वा लाकडाला दोऱ्याने बांधावा. नवी रोपे लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्यांची पाने गळतात. अनेकदा ती रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, म्हणून पाण्याखालची नवी पाने येईपर्यंत जुनी टाकतात. दरवर्षी नववीचा कोणी तरी ती ‘मेली’ म्हणून उपटायला निघतो आणि दहावीचा कोणी तरी त्याचा हात धरतो.

प्रकाश हा वादाचा विषय. सर्वांनाच टाकी खिडकीपाशी हवी असते. थेट उन्हात पंधरा दिवसांत काच हिरवी होते आणि दोष पाण्याला दिला जातो. दिव्याचा प्रकाश दिवसाला सात-आठ तास पुरे, नव्या टाकीला सहाच. शेवाळ वाढले तर औषध ओतण्यापूर्वी दिव्याचे तास मोजावेत आणि खाद्य कोण, किती वेळा घालते याची चौकशी करावी. वसतिगृहात ही चौकशी अत्यावश्यक आहे. आमच्याकडे एकदा सात जण आपापल्या परीने माशांवर माया करीत होते, त्यांतील एक बिस्किटांनी. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच असावे. आठवड्यातून एक दिवस उपवास घडला तर माशांचे काही बिघडत नाही.

दर शनिवारी पाव टाकी पाणी काढून बागेत घालायचे आणि आदल्या दिवशी उघड्या बादल्यांत भरून ठेवलेले पाणी त्या जागी ओतायचे. एक दिवस उघडे राहिले की टीसीएलचा क्लोरीन उडून जातो. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी नुसते भरत राहणे पुरेसे नाही. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात, आणि आमच्या विंधनविहिरीचे पाणी मुळातच जड आहे. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळायचा. हवेचा पंप आम्ही रात्री चालवतो. दिवसा वनस्पती प्राणवायू देतात आणि जोराच्या बुडबुड्यांनी त्यांना लागणारा कार्बन डायऑक्साइड निघून जातो. रात्री मात्र माशांसह झाडेही प्राणवायू घेतात. वैशाखात पाणी तापले की त्यात प्राणवायू आणखी कमी विरघळतो, तेव्हा पंप दिवसाही लागतो.

मासे आम्ही बाराच ठेवतो. गप्पी आहेत, झेब्रा दानिओ आहेत. ‘गोल्डफिश का नाही?’ असे देणगीदार आवर्जून विचारतात. तो मोठा होतो, घाण पुष्कळ करतो आणि झाडे उपटतो. वॉरिंग्टन यांचे दोन निभावले, आमचे निभावणार नाहीत. केरळ-कर्नाटकातील नद्यांतून पकडून बाजारात येणारा देखणा डेनिसन बार्बही नको; तो सह्याद्रीबाहेर कोठेही निसर्गतः सापडत नाही आणि संकटग्रस्त जातींत गणला जातो.

एका बाबतीत मात्र मी अत्यंत कठोर आहे. टाकीतील मासा किंवा झाडाचा तुकडा ओढ्यात, विहिरीत, तळ्यात जाता कामा नये. मुलांना माशाला ‘मोकळे करणे’ हे पुण्यकर्म वाटते, आणि त्यांच्या मनातील करुणेला धक्का न लावता त्यांना थांबवणे हे माझ्या नोकरीतील कठीण कामांपैकी एक आहे. शोभेच्या टाक्यांतून बाहेर पडलेले सकरमासे आज देशातील कितीतरी जलाशयांत ठाण मांडून बसले आहेत. छाटलेली झाडे आम्ही उन्हात वाळवून मगच खतखड्यात टाकतो.

व्यवस्थापनाचा आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो पोकळ नाही. मुले विसरतात, मासे मरतात, आणि पाहुण्यांसमोर हिरवट काच शोभत नाही. परंतु आपल्याकडील बहुतेक मुले दहा-अकराव्या वर्षी घर सोडून येतात. त्यांची जेवणे, अंथरूण, वेळापत्रक, सारे दुसरे कोणी तरी पाहते. त्यांनी पाहिले नाही तर जगणार नाही, असे काहीतरी त्यांच्याकडे असणे मला गरजेचे वाटते. नोंदवहीत मासा मेल्याची तारीख आणि संभाव्य कारण लिहिताना मुलाचा चेहरा मी पाहिलेला आहे. दुसऱ्या दिवशी गुपचूप नवा मासा सोडून आपण त्याच्याकडून तो दिवसच काढून घेऊ. व्यावसायिकाला द्यावयाच्या रकमेतून पाण्याच्या तपासणीचा एक संच, तापमापक आणि एक राखीव पंप घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

राहिला प्रश्न मे महिन्याच्या सुटीचा. त्याची तजवीज मुलांनीच केली आहे. जाण्यापूर्वी ते कागदाच्या चिमुकल्या पुड्या बांधतात, प्रत्येकीवर तारीख घालतात आणि पहारेकरी मामांच्या हाती देतात. पुडी एक दिवसाआड एक. गेल्या वर्षी सुटी संपल्यावर दोन पुड्या उरल्या होत्या. मामांनी त्या परत केल्या आणि कोणत्या दोन दिवशी ते आजारी होते, तेही सांगितले. मुलांनी ते नोंदवहीत उतरवून घेतले. मासे बाराच्या बारा होते.