जीव वाचला, पुढं काय?

चौदा वर्षांच्या पोराला डेंग्यू होतो. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो. घरचे हुश्श करतात. अन् धोका नेमका तिथंच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नसते. तास मोजायचे असतात.

अन् इस्पितळाच्या दारात पहिला सवाल नाडीचा नसतो, वयाचा असतो. कितीतरी सरकारी इस्पितळांत लहान मुलांचा वॉर्ड बाराव्या वर्षी संपतो. तिथं हे पोरगं मोठं ठरतं, मोठ्यांच्या आयसीयूत लहान. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. आमच्या वस्तीतल्या या वयाला नाव आहे, खाट नाही.

'जागा नाही' हे उत्तर मी मानत नाही. कायदाही मानत नाही. १९९२ साली बंगालमधला हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेतून पडला; सरकारी इस्पितळांनी एकामागून एक त्याला परत पाठवलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा कलम २१चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशानं धर्मादाय इस्पितळांवर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत अन् १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायचं बंधन आहे. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करायचं, अनामत मागायची नाही. ही मेहेरबानी नव्हे. करमाफी खाल्लेल्यांनी फेडायचं देणं आहे.

पण खाट मिळाली, पोरगं जगलं, म्हणजे लढाई संपली काय? व्हेंटिलेटरवर पडून राहिलेल्याचे स्नायू पहिल्याच आठवड्यात झडू लागतात. घरी आलेलं पोरगं जिना चढताना धापा टाकतं. रात्री दचकून उठतं. वाचलेलं ध्यानात राहत नाही. डॉक्टरांनी २०१२ साली या दुखण्याला नाव दिलं, २०१८ साली मुलांसाठी त्याची वेगळी मांडणी केली. आमच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र गोळ्यांची यादी अन् 'प्रकृती सुधारली' एवढंच. मास्तर म्हणतात, आळशी झाला. बाप म्हणतो, शाळा सोड, कामाला लाग. ज्याला मशीननं मरू दिलं नाही, त्याला आम्ही असं हळूहळू गमावतो.

म्हणून माझं मागणं दुहेरी आहे. किशोरांसाठी हक्काची खाट, अन् घरी गेल्यावर सहा महिने तरी तपासणी, व्यायाम, मनाचा इलाज, शाळेला चिठ्ठी. पोरांनो, वस्तीवस्तीत दोघं-तिघं तयार व्हा. पेशंटबरोबर जा, धर्मादाय खाटेचा अर्ज भरा, नकार दिला तर तो लेखी मागा. अन् वाचून आलेल्याच्या घरी महिन्यानं पुन्हा जा. विचारा: झोप लागते का? शाळेत जातोस का?

इस्पितळ किती जगले ते मोजतं. ते कसे जगताहेत, हे आपण मोजू.