दुकान परक्याचे, दलाली आपली

गेल्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. द्वितीय श्रेणीत बी. कॉम. झालेला, घरची परिस्थिती बेताची, वडिलांचे शिलाई यंत्रे दुरुस्त करण्याचे लहानसे दुकान. पुढे काय करणार, असे विचारता त्याने ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग’ असे उत्तर दिले. ते शिकविणाऱ्या एका संस्थेस आठ हजार रुपये शुल्क द्यावयाचे होते. ही रक्कम आईने भिशीतून उचलून ठेवली होती. ती भरावी किंवा कसे, एवढेच विचारण्यासाठी तो आला होता. असाच प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला अनेक विद्यार्थ्यांनी विचारला आहे, आणि ‘छे, असल्या नादी लागू नका’ हे वडीलधाऱ्यांचे ठरीव उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

नाव नवे असले तरी व्यवहार जुनाच आहे. दुसऱ्याच्या दुकानी गिऱ्हाईक पाठवावयाचे आणि त्याने खरेदी केली तर दुकानदाराकडून ठराविक टक्के दलाली घ्यावयाची, असे त्याचे स्वरूप. फरक इतकाच, की येथे दुकान इंटरनेटवर असते आणि गिऱ्हाईक चालत न जाता एका लिंकवर बोट ठेवून तेथे पोहोचते. त्या लिंकमध्ये दलालाचा क्रमांक गुंफलेला असतो. गिऱ्हाइकाच्या यंत्रात ‘कुकी’ नावाची एक बारीकशी नोंद राहते आणि ठराविक मुदतीत खरेदी झाल्यास ती त्या दलालाच्या खाती जमा होते. अमेरिकेत ‘सीडी-नाऊ’ या संगीतविक्रेत्या कंपनीने १९९४ मध्ये अशी पद्धत सुरू केली. ‘अ‍ॅमेझॉन’ने जुलै १९९६ मध्ये तिला व्यापक रूप दिले. अ‍ॅमेझॉनची मुदत सामान्यतः चोवीस तासांची असते. आपण आज एखाद्याला मिक्सरची माहिती दिली आणि त्याने घरी विचारून परवा तो घेतला, तर आपल्या हाती बहुधा काहीच लागत नाही.

या धंद्याचे आकर्षण उघड आहे. भांडवल नको, गोदाम नको, उधारी नाही. पण भांडवल लागत नाही, तेथे प्रवेशास अडसरही नसतो. आणि अडसर नसलेल्या धंद्यात नफा टिकत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच आपण शिकवितो. थोडा हिशेब मांडून पाहू. तीन हजार रुपयांच्या वस्तूवर पाच टक्के दलाली धरली तर एका विक्रीमागे दीडशे रुपये सुटतात. महिन्यास वीस हजार रुपये मिळवावयाचे तर सुमारे १३४ विक्री हव्यात. लिंक उघडणाऱ्या शंभरांपैकी दोघे खरेदी करतात असे मानले, तर ६,७०० जणांनी ती उघडावी लागते; आणि दहा वाचकांपैकी एक लिंक उघडतो असे धरले, तर दरमहा ६७,००० वाचक हवेत. ही गृहीते माझी आहेत. कोणी ती सौम्य करावीत, कोणी कडक. परंतु लिपिकाच्या पगाराइतकी प्राप्ती व्हावयाची तर एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा वाचकवर्ग दर महिन्याला जमवावा लागतो, ही गोष्ट जाहिरातीतील मोटारगाडीशेजारी उभा असलेला तरुण सांगत नाही.

आता समजा, दलालीचा दर निम्मा झाला. तेवढ्याच प्राप्तीसाठी वाचक दुप्पट हवेत. ही भीती काल्पनिक नाही. अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील दलालीचे दर एकाएकी उतरविले. फर्निचर व गृहोपयोगी वस्तूंवरील दर आठ टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर, तर किराणा मालावरील दर पाचावरून एकावर आला. सूचना आठवडाभर आधी मिळाली. जगभर टाळेबंदी होती आणि लोक घरबसल्या खरेदी करीत होते, तेव्हाच हे घडले.

अर्थात दलालाचा दर धन्याच्या लेखणीच्या फटक्याने बदलतो, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही. सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांचा प्रवेशभार बंद केला आणि त्यातून मिळणाऱ्या कमिशनवर विसंबलेल्या विक्रेत्यांची कंबर मोडली. श्यामला गोपीनाथ समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर २०११ पासून सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवरील प्रतिनिधींचे एक टक्का कमिशन बंद झाले. अल्पबचतीची प्रमाणपत्रे घेऊन घरोघरी जाणारे सेवानिवृत्त शिक्षक आमच्या गल्लीत होते. त्यांनी त्या वर्षी काढलेले उद्गार मला आठवतात. ते येथे छापण्यासारखे नाहीत. मात्र दोहोंत एक भेद आहे. सरकारी निर्णयामागे समिती होती, अहवाल होता, संसदेत प्रश्न विचारण्याची सोय होती. खासगी कंपनीच्या बाबतीत मान्य असेल तर राहा, नसेल तर खाते बंद करा, एवढाच पर्याय असतो.

शिवाय या दलालास धनी एक नसून दोन असतात. माल दुकानदाराचा असतो, पण वाचक गूगल पाठविते. कोणते लिखाण वर दाखवावयाचे, कोणते दहाव्या पानावर ढकलावयाचे, हे तेथील गणिती सूत्र ठरविते आणि ते वरचेवर बदलते. फेब्रुवारी २०११, ऑगस्ट २०२२, सप्टेंबर २०२३, मार्च २०२४ हे त्यातील काही ठळक फेरबदल. प्रत्येक वेळी अनेक संकेतस्थळांचे वाचक रातोरात आटले. त्यांतील काहींचे आटणे योग्यच होते, कारण हात न लावलेल्या वस्तूंची समीक्षा लिहिणारे त्यांत पुष्कळ होते. पण सुक्याबरोबर ओलेही जळले. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल प्रश्नाचे तयार उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेकरवी वरच्या वर देऊ लागले आहे. वाचकाला उत्तर तेथेच मिळाले तर तो आपल्या पानावर कशाला येईल?

नोंदही आपल्या हाती नसते. बहुतेक ठिकाणी शेवटची लिंक ज्याची, दलाली त्याची, असा नियम असतो. ‘हनी’ हे सवलतीचे कूपन शोधून देणारे साधन ‘पे-पाल’ने २०२० मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतले. खरेदीच्या अखेरच्या क्षणी हे साधन मूळ दलालाचा क्रमांक पुसून स्वतःचा लावते, असा आरोप डिसेंबर २०२४ मध्ये झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. आरोपाचे काय व्हावयाचे ते होईल. परंतु आपली विक्री दुसऱ्याच्या नावे लागली हे दलालास स्वतःच्या वहीवरून कळत नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

दर आपला नाही, वाचक आपला नाही, वहीदेखील आपली नाही. मग या माणसाचे स्वतःचे असे उरते काय? माझ्या मते येथेच या विषयाचा गाभा आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विकणाऱ्यास मालाची खरी स्थिती ठाऊक आणि घेणाऱ्यास नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. घेणाऱ्याला खरी माहिती देणारा तिसरा माणूस अशा ठिकाणी मोलाचा ठरतो. संलग्न विक्री करणारा असा तिसरा माणूस होऊ शकतो. पण त्याची मजुरी देणारा असतो विकणारा! ‘हे यंत्र घेऊ नका, जुनेच दुरुस्त करा’ हा सर्वांत उपयुक्त सल्ला दिला तर त्याची दलाली शून्य. आडत्या शेतकऱ्याचा की व्यापाऱ्याचा, हा वाद महाराष्ट्राने बाजार समित्यांत वर्षानुवर्षे ऐकला आहे. २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्य सरकारने केला तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. आडत कोण देतो, यावर आडत्याची निष्ठा पुष्कळ अंशी ठरते.

हा पेच सोडविता येतो, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. मार्टिन लुईस या अर्थविषयक पत्रकाराने २००३ मध्ये सुमारे शंभर पौंड खर्चून ‘मनी सेव्हिंग एक्स्पर्ट’ हे संकेतस्थळ काढले. बँकांची कर्जे, विजेची बिले, विमा यांत सामान्य माणसाचे पैसे कोठे वाचतील, हे ते सांगते. उत्पन्न मुख्यतः अशाच लिंकमधून. पण तेथे शिरस्ता असा, की कोणता पर्याय उत्तम हे आधी संपादकांनी ठरवावयाचे आणि त्यावर दलाली मिळते का हे नंतर पाहावयाचे. मिळत नसली तरी शिफारस कायम राहते आणि दलालीच्या लिंकवर फुली असते. हे संकेतस्थळ २०१२ मध्ये विकले गेले तेव्हा व्यवहार आठ कोटी सत्तर लाख पौंडांपर्यंतचा होता. अमेरिकेतील ‘वायरकटर’ची कथाही याच जातीची. वस्तू आठवडे न् आठवडे वापरून पाहून मोजकेच लिहिणारे हे संकेतस्थळ २०११ मध्ये निघाले आणि २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सुमारे तीन कोटी डॉलरना घेतले. दोन्ही ठिकाणी आधी विषयाचे ज्ञान होते, मग वाचक आले आणि दलाली सर्वांत शेवटी. आपल्याकडील शिकवण्या हाच क्रम उलटा शिकवितात.

आणि काही शिकवण्यांत तर विकावयाची वस्तू म्हणजे ती शिकवणीच असते. आठ हजार भरावयाचे, मग आणखी कोणास आठ हजार भरावयास लावावयाचे आणि त्यातील मोठा हिस्सा दलाली म्हणून घ्यावयाचा. माणसांवर माणसे चढविणाऱ्या अशा योजनांना १९७८ च्या धन-परिचालन योजनांवरील बंदीच्या कायद्याने आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई आहे. शिकवणी ही खरीखुरी वस्तू आहे, असा बचाव करता येतो, म्हणून हे प्रकार सहजी पकडले जात नाहीत, इतकेच. आपल्या वर्गमित्रांची आणि मावस-चुलत भावंडांची यादी करावयास जेथे पहिल्याच दिवशी सांगतात, तेथून मुलांनी उठून यावे.

प्रामाणिकपणे हे काम करू पाहणाऱ्यासही कायद्याची जाण हवी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तूची शिफारस करणाऱ्याने विक्रेत्याशी असलेला आपला आर्थिक संबंध उघड केला पाहिजे. जानेवारी २०२३ च्या खुलाशानुसार तो शिफारशीच्याच भाषेत हवा; मराठी लेखाखाली बारीक इंग्रजी ओळ चालणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत, पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्या विद्यार्थ्याला मी आठ हजार भरू दिले नाहीत. शिलाई यंत्रांबद्दल तुला काय ठाऊक आहे, असे विचारले. तो अर्धा तास बोलत होता: घरगुती यंत्र जाड कापडावर का अडते, मोटार बसविताना काय पाहावे, कोणत्या यंत्राचे सुटे भाग तालुक्यात मिळत नाहीत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे आठ कोटी तीस लाख; त्यांत घरी शिवणकाम करून चार पैसे मिळविणाऱ्या स्त्रिया किती असतील! त्यांच्याशी या विषयावर मराठीत नीट बोलणारे फार थोडे आहेत. आता तो आठवड्यातून एक लेख लिहितो, सोबत वडिलांच्या दुकानातील छायाचित्रे असतात आणि दलाली कोठे मिळते हे प्रत्येक लेखाच्या आरंभीच सांगितलेले असते. पहिल्या चार महिन्यांत त्याला मिळालेली रक्कम ६४० रुपये. मात्र लेख वाचून तिघी जणी दुरुस्तीसाठी यंत्रे घेऊन दुकानी आल्या, आणि त्या कामाचे पैसे याहून जास्त झाले. बँकेच्या लिपिक-परीक्षेचा अर्जही त्याने भरून ठेवला आहे.