उन्हाळ्यातली ऊब
मे महिन्यात विदर्भात पारा ४४ अंशांवर गेलेला असतो, तेव्हा कोंबडीच्या पिल्लांना ऊब कसली द्यायची, असं कुणालाही वाटेल. पण नुकत्याच निघालेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात अंगाजवळ ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि पहाटे अंगणात पारा २८ वर येतो. त्यात वारा सुटला की अंगावर नुसती लव असलेली ती पिल्लं गारठतात. घरची खुडूक कोंबडी असेल तर प्रश्नच नाही, तिचे पंख पुरेसे आहेत. हॅचरीतून आणलेल्यांची आई मात्र आपणच, आणि पंखांच्या जागी बल्ब. दिवसा बल्ब बंद आणि गर्द सावली. रात्री डालग्याच्या एकाच बाजूला बल्ब टांगावा, म्हणजे ज्याला नको त्याला दुसरीकडे सरकता येतं. ही मोकळी जागा मला थर्मामीटरपेक्षा मोलाची वाटते. पिल्लांकडे नीट बघा: एकमेकांवर चढून मोठ्याने चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, चोच उघडी, पंख सैल, बल्बापासून लांब कडेला बसली असतील तर उकडतंय. विखरून पेंगत असतील तर ठीक. ढिगातलं खालचं पिल्लू गुदमरून मरतं, म्हणून रात्री एकदा उठून बघाच. पाण्याचं भांडं उथळ, त्यात चार खडे. मांजर-मुंगसासाठी जाळी पक्की. दर आठवड्याला बल्ब थोडा वर घ्यायचा, आणि तीन-चार आठवड्यांत पिसं फुटली की काढूनच टाकायचा.