भरतीरेषा आणि कोळीवाडा

किनारा नियमनाचा विषय निघाला की चर्चा मीटरवर येऊन थांबते. भरतीरेषेपासून पाचशे मीटर, दोनशे मीटर, पन्नास मीटर! अंतर वाढले तर पर्यावरणवाद्यांची सरशी आणि घटले तर विकासवाद्यांची, असा हिशेब वर्तमानपत्रे मांडतात. आपले कार्यकर्तेही पुष्कळदा त्याच हिशेबात बोलू लागतात. ज्याच्या होड्या त्या वाळूवर ओढलेल्या असतात त्या मच्छीमाराला या हिशेबात स्थान नाही. नियमांची खरी उणीव हीच आहे, आणि ती दूर करण्याचा प्रयत्न आपल्या चळवळीने अद्याप पुरेशा नेटाने केलेला नाही.

पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालील किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. तिचे श्रेय इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्राला दिले जाते. ते पत्र महत्त्वाचे होते यात शंका नाही. परंतु १९८९ मध्ये मच्छीमार संघटनांनी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवरून कन्याकुमारीपर्यंत जी यात्रा काढली, तिचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. किनारा वाचवा ही मागणी दिल्लीच्या दप्तरात जन्मलेली नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

या अधिसूचनेने पुष्कळ काही वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. ग्रामीण किनाऱ्यावरील पहिल्या दोनशे मीटरांचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरला. पण त्याच तरतुदीत एक शब्द असा होता की, त्याने कोळीवाड्यांची कोंडी केली. ना-विकास क्षेत्रातील ‘अधिकृत’ बांधकामांची दुरुस्ती करता येईल, तीही मूळच्या जोत्याच्या मर्यादेत. कोळ्याचे घर अधिकृत आहे हे सिद्ध करायचे कशाने? पुष्कळांच्या घराखालील जमिनीचा सातबारा त्यांच्या नावे नाही. मासळी वाळवण्याची जागा, जाळी पसरण्याची जागा, होड्या ओढण्याची वाळू ही तर साऱ्या वाड्याची, म्हणजे कागदोपत्री कोणाचीच नव्हे. मुलाचे लग्न झाले म्हणून एक खोली वाढवली की ते अतिक्रमण. उलट, बंदराला समुद्रकिनाऱ्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून ते याच नियमांत पहिल्यापासून बसत आले. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. तेथील प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. आणि त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याच बंदराला संमती दिली. त्यासाठी समुद्रात चौदाशे हेक्टरांहून अधिक भराव घातला जावयाचा आहे. कोळ्याच्या खोलीला अडवणारी रेषा या भरावाला अडवू शकली नाही.

मच्छीमाराचे गाऱ्हाणे खरे होते, म्हणूनच ते राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडले. २०११ पर्यंत मूळ अधिसूचनेत सुमारे पंचवीस दुरुस्त्या झाल्या. १९९४ च्या दुरुस्तीतील काही भाग तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रद्दच केला. पुढे १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना आली. दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात, २०११ च्या जनगणनेच्या आधारे, ना-विकास क्षेत्र पन्नास मीटरांवर आणले गेले. इतरत्र ते दोनशे मीटरच राहिले. हा दिलासा स्थानिकांसाठी असल्याचे सांगण्यात आले. आता कोकणातील एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. कोळीवाडा दाटीवाटीचा, घराला घर लागलेले. पण गावाच्या क्षेत्रफळात मागचा डोंगर, कातळाचा सडा, भातशेती सारे धरलेले. सरासरी काढली की दाटी नाहीशी होते आणि कोळी दोनशे मीटरांतच राहतो. सवलत मिळते ती शहरालगतच्या गावांना, जेथे जमिनीचे खरेदीखत आधीच दुसऱ्याच्या नावे झालेले असते. याच अधिसूचनेने पर्यटनासाठीच्या तात्पुरत्या झोपड्यांना भरतीरेषेपासून अवघ्या दहा मीटरांवर मुभा दिली आहे. तात्पुरती झोपडी आणि मासळी वाळत घातलेली वाळू यांना जागा एकच लागते.

मग मागायचे काय? ‘नियम शिथिल करा’ हे नव्हे. तो घोष आपल्या तोंडून निघाला तरी लाभ हॉटेलवाल्यांनाच होणार. ‘नियम कडक करा’ एवढेही पुरेसे नाही. २०११ च्या अधिसूचनेत एक तरतूद होती आणि ती २०१९ मध्येही कायम राहिली: मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक मालमत्ता, धक्के, मासळी वाळवण्याच्या जागा गावपातळीच्या नकाशावर दाखवल्या पाहिजेत आणि त्यांच्या घरांच्या दीर्घकालीन गरजेचा आराखडा राज्याने तयार केला पाहिजे. ही तरतूद परिशिष्टात आहे, म्हणून ती कोणी वाचत नाही. एकास पंचवीस हजार प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे पंचवीस मीटर. वीस मीटर रुंदीची वाळवणाची जागा त्यावर ठिपक्याएवढीही उमटत नाही. म्हणून आग्रह मोठ्या प्रमाणाच्या, गटक्रमांकांच्या नकाशाचाच धरला पाहिजे, आणि तो मराठीत.

त्यापुढचा लढा कायद्याचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींच्या सामूहिक हक्काला नाव दिले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो हक्क पदरात पाडून घेतला. किनाऱ्यासाठी असा कायदा नाही. आज कोळ्याला जे मिळते ते होड्या आडव्या घालूनच. मुंबईच्या सागरी मार्गावर वरळीजवळ दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरले होते. त्यातून होड्या सुखरूप जाणार नाहीत, हे अभियंत्यांच्या गळी उतरवायला कोळ्यांना समुद्रात काम अडवावे लागले, तेव्हा कोठे अंतर १२० मीटर झाले. आधी विचारण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती.

किनाऱ्यालगतच्या शाखांनी येत्या ग्रामसभेपूर्वी एक काम हाती घ्यावे. मोजपट्टी घेऊन वाड्यातल्या जाणत्या मंडळींबरोबर, आणि मासळी वाळवणाऱ्या बायकांना तर आवर्जून सोबत घेऊन, किनाऱ्याने चालावे. होड्या कोठे लागतात, मासळी कोठे वाळते, पावसाळ्यात पाणी कोठवर येते, हे गटक्रमांकासह लिहून काढावे; ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घेऊन ठेवावी. पुढच्या नकाशावरील हरकतींची मुदत जाहीर होईल तेव्हा हा कागद हाताशी हवा.