टीसी निघाली की शेतकऱ्याला कळवा

प्रति,
अध्यक्ष, कृषी व प्रक्रियायुक्त अन्न उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण (अपेडा),
नवी दिल्ली

महोदय,

विदर्भातल्या सेंद्रिय शेतकरी गटांच्या वह्या लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. आम्ही भरलेली पोती न्हावा शेव्याहून युरोपकडे निघतात, पण पुढे त्यांचं काय झालं हे आमच्या गावापर्यंत क्वचितच परत येतं. हे पत्र त्यासाठी.

युरोपचा नियम कडक आहे. ‘ट्रेसेस’ या त्यांच्या संगणकीय प्रणालीत तपासणी प्रमाणपत्र निघाल्याशिवाय सेंद्रिय मालाची खेप इथून हलवायची नाही. तिकडच्या सीमा नियंत्रण चौकीवर प्रत्येक खेपेचे कागद पाहिले जातात. शंका आली किंवा नंबर लागला, तर पोती फोडून नमुना प्रयोगशाळेत जातो. मग अधिकारी त्याच प्रमाणपत्रावर निकाल नोंदवतो: सेंद्रिय म्हणून सोडा, साधा माल म्हणून सोडा, किंवा सोडूच नका.

यातला मधला निकाल मला सगळ्यात जिव्हारी लागतो. माल खाण्याजोगा आहे, फक्त सेंद्रिय नाही. ते ‘सेंद्रिय’पण मिळवायला हंगामी पिकाच्या शेतकऱ्याने पेरणीआधी दोन वर्षं आणि फळबागवाल्याने तीन वर्षं रूपांतरणाच्या काळात काढलेली असतात. खत-औषध बंद, उतारा कमी आणि भाव मात्र साध्या मालाचा. बांधापलीकडच्या शेजाऱ्याची फवारणी उडून येऊ नये म्हणून पट्टा सोडायचा, तो वेगळाच. हे सगळं एका खुणेसरशी पुसलं जातं.

तरी युरोप आपल्याला छळतो, असं रडगाणं मला गायचं नाही. आपणही तेच करतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, बाहेरून आलेल्या सेंद्रिय मालाला आपली किंवा आपल्याशी समतुल्य मानकं पाळावी लागतात आणि सोबत व्यवहार प्रमाणपत्र, म्हणजे विक्रीमागे निघणारी टीसी, लागते. सात समुद्रांपलीकडची शेती कुणी डोळ्यांनी पाहू शकत नाही, तेव्हा कागदावर विश्वास ठेवावा लागतो. माझं भांडण कागद कोण पाहतो याच्याशी आहे.

तिळाचं प्रकरण आठवा. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियममध्ये भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं. कर्करोगकारक वायू. युरोपात तिळासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. पुढच्याच महिन्यात नियम आला की भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा तपासायच्या. सेंद्रिय लेबलाचे तीळही परत मागवले गेले. आता मला सांगा, हा वायू कुठला शेतकरी फवारतो? तो साल्मोनेला मारण्यासाठी बंद खोलीत, गोदामात किंवा कारखान्यात वापरतात. म्हणजे दोष माल शेतातून गेल्यानंतरचा. पण याच कारणावरून १ जानेवारी २०२२ पासून युरोपने भारतातल्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढली, तेव्हा त्या संस्थांकडे नोंदलेल्या, तिळाचा दाणाही न पिकवणाऱ्या गटांनाही युरोपचं दार बंद झालं. त्याच्या वर्षभर आधी अमेरिकेने आपल्याशी असलेला मान्यतेचा करार मोडला होता. मार्च २०२४ पासून तर तिथेही प्रत्येक सेंद्रिय खेपेला आयात प्रमाणपत्र लागतं. एकाच शेताची दोन-दोन प्रमाणपत्रं काढायची, खर्च वेगळा, तपासनीस वेगळा.

दरवेळी आपलं उत्तर एकच: आणखी तपासणी, आणखी एक फॉर्म. जानेवारी २०२५ मध्ये आपण राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची आठवी आवृत्ती आणली, ‘ट्रेसनेट’ ही सेंद्रिय मालाच्या नोंदींची आपली संगणकीय प्रणाली नव्याने बांधली, शेतकरी गटांना कायदेशीर अस्तित्व देण्याचं ठरवलं. शेवटची गोष्ट उत्तमच, फक्त उशिरा आली. इतकी वर्षं गटाचं प्रमाणपत्र बऱ्याचदा माल घेणाऱ्या कंपनीच्याच हातात असायचं. शेतकऱ्याकडे उरायची डायरी, तीही दुसऱ्याने भरलेली. (ती आम्ही भरतो, हे मान्य.)

माझी मागणी एकच आहे. एखाद्या गटाच्या नावाने टीसी निघाली, की त्या गटाच्या यादीतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जावा: तुमच्या नावावर अमुक पीक, इतके क्विंटल, अमुक तारखेला विकलं गेलं. गटाच्या खरेदी नोंदवहीत शेतकरीनिहाय आकडा असतोच. नवीन काही मोजायचं नाही, आहे ते दाखवायचं.

याचा फायदा तुमच्या कुठल्याही फॉर्मपेक्षा मोठा होईल. दोन एकर कोरडवाहू तुरीच्या मालकाला वीस क्विंटल विकल्याचा निरोप आला, तर चावडीवर दुपारपर्यंत बोभाटा होईल. साध्या बाजारातला माल सेंद्रिय गटाच्या नावावर खपवणाऱ्याला तपासनिसापेक्षा त्या शेतकऱ्याचीच भीती जास्त वाटेल. कारण तपासनीस वर्षातून कधीतरी येतो आणि येण्याआधी बहुधा कळवतो.

व्यापारी म्हणतील, आमची गुपितं फुटतील. भाव आणि गिऱ्हाईक सांगू नका, वजन सांगा. ज्याचा माल त्याला त्याचं वजन कळण्यात गुपित कसलं?

दुसरा निरोपही हवा. खेप परदेशी सीमेवर नापास झाली तर गटाला कारण कळलं पाहिजे: औषधाचा अंश सापडला की कागदात चूक झाली, आणि अंश असेल तर तो फवारणीतला की गोदामातल्या धुरीतला. आज ‘माल रिजेक्ट झाला’ एवढंच कानावर येतं, आणि त्यावर पुढच्या हंगामाचा भाव पाडला जातो. आपला काही दोष होता का, हे शेतकऱ्याला तपासताच येत नाही.

वेळही फार नाही. युरोपच्या २०१८ च्या सेंद्रिय कायद्यात आपल्यासारख्या देशांच्या जुन्या मान्यतेची मुदत ३१ डिसेंबर २०२६ अशी लिहिलेली आहे. मुदत वाढो वा नवा करार होवो, आपल्या यंत्रणेवर भरवसा का ठेवायचा, हा प्रश्न युरोपवाले टेबलावर विचारणारच. तेव्हा आपल्या माहितीची खातरजमा लाखो शेतकरी स्वतः करतात, असं सांगता आलं तर बरं.

निरोप मराठीत असावा, गुजरातेत गुजरातीत, मध्य प्रदेशात हिंदीत. वजन क्विंटलमध्ये द्यावं, मेट्रिक टनात नको. आणि आकडा चुकीचा वाटला तर तक्रार करायला एक नंबर असावा, फोन उचलणारा माणूस त्या भाषेत बोलणारा असावा.

आपला,
एक वहीवाला