बळीबा पाटील कोणाचा?

आमच्या गावचे एक वृद्ध सुतार परवा शाळेच्या ओट्यावर टेकले व म्हणाले, "मास्तर, आमचे आजे एका पाटलाची गोष्ट सांगत. मोठ्या दुष्काळातली. त्यांच्या बापाने वर्तमानपत्रात थोडी थोडी वाचलेली. कोणाची हो ती?" नाव त्यांस आठवेना. एका शिकल्यासवरल्या गृहस्थाने त्यांस छातीठोक सांगितले होते की, ती धनुर्धारींची 'पिराजी पाटील'.

आता धनुर्धारींचा मान आम्ही कमी करीत नाही. पण 'पिराजी पाटील' १९०३ ची. वर्तमानपत्र, पाटील आणि मोठा दुष्काळ हे तिन्ही जेथे जुळतात ती कादंबरी म्हणजे 'बळीबा पाटील आणि १८७७ चा दुष्काळ'. ती 'दीनबंधु' पत्रात १८८८ साली क्रमशः आली, म्हणजे पिराजीच्या पंधरा वर्षे आधी! कर्ते कृष्णराव भालेकर, पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे.

भालेकरांस हा दुष्काळ ऐकीव नव्हता. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी पुण्यात 'दीनबंधु' काढला तेव्हा दख्खनेत तोच काळ चालू होता. त्याच साली सत्यशोधक समाजाने धनकवडीस उपाशी पोरांकरिता बालाश्रम घातला. पुढे १८८० साली पत्र मुंबईस नारायण मेघाजी लोखंड्यांकडे गेले. भालेकरांची लेखणी मात्र थांबली नाही. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालविला, आणि 'होळीची पोळी' व 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या कादंबऱ्या लिहिल्या. बापलेकांचे हे घराणे किती शाळामास्तरांस ठाऊक आहे? मलाही ट्रेनिंग कॉलेजात कोणी सांगितले नाही.

दोष सगळा परक्यांवर ढकलण्यात मात्र अर्थ नाही. ज्यांच्या घरी पुस्तके बांधून ठेवण्याची चाल होती त्यांची नावे राहिली. आम्ही पत्र वाचले, की त्यात मिरच्या बांधल्या! पुस्तकरूपाने नसलेल्या कादंबरीचे असेच व्हायचे. भालेकरांचे समग्र वाङ्मय १९८२ साली सीताराम रायकरांनी संपादून छापले, म्हणून आज बळीबा हाती तरी लागतो.

सुतारबाबांस हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बळीबाच. आजे बळीबाच म्हणत." त्यांच्या माळ्यावर जुन्या कागदांची एक पेटी आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे ती उघडणार आहोत. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर ती रद्दीवाल्यास देण्याआधी एकवार गावच्या मास्तरास दाखवा.